तैनाती फौजेच्या सावलीतील पेशवा

दुसऱ्या बाजीरावाला ‘पळपुटा’ हे विशेषण चिकटवून महाराष्ट्राने त्याचे प्रकरण जणू मिटवून टाकले आहे. वस्तुतः पराभवानंतर पळालेल्या राज्यकर्त्यांची इतिहासात वाण नाही. बाजीरावाची खरी शोकांतिका पळण्यात नसून, पळाल्यानंतर ज्या आश्रयाने त्याने गादी परत मिळविली त्या आश्रयाच्या स्वरूपात आहे. बलाढ्य परकी सत्ता एखाद्या राज्यकर्त्याला सांभाळते तेव्हा ती काय विकत घेते आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, याचा उलगडा त्याच्या चरित्रातून होतो.

हा वारसा त्याला जन्मतःच मिळाला होता. १७७५ च्या जानेवारीत धार येथे त्याचा जन्म झाला आणि दोनच महिन्यांनी त्याच्या वडिलांनी, रघुनाथरावांनी, पेशवाईच्या लोभाने सुरतेस इंग्रजांशी तह केला. साष्टी व वसईच्या मोबदल्यात इंग्रजी फौज, असा तो व्यवहार होता. बापाच्या या कृत्याची शिक्षा म्हणून मुलाचे तारुण्य नजरकैदेत गेले. १७९६ अखेर तो पेशवा झाला तेव्हा संशय हाच त्याचा स्थायीभाव बनला होता.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा धुव्वा उडविला. बाजीराव कोकणमार्गे वसईस पोचला आणि ३१ डिसेंबरला त्याने तैनाती फौजेच्या तहावर सही केली. सहा हजार इंग्रजी पायदळाचा खर्च भागविण्यासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून देण्यात आला. निजाम व गायकवाड यांच्याशी असलेले तंटे इंग्रजांच्या निवाड्यावर सोपविले गेले आणि इतर सत्तांशी परस्पर बोलणी करण्याचा हक्क संपला. ज्या फौजेने आपल्यावर पहारा करावयाचा, तिचा पगारही आपणच द्यावयाचा, असा हा विलक्षण करार होता.

मे १८०३ मध्ये इंग्रजी संगिनींच्या पहाऱ्यात पेशवा पुण्यास परतला. त्याच सुमारास फौजांनी व पेंढाऱ्यांनी केलेल्या नासधुशीमुळे खानदेशात भीषण दुष्काळ पडून गावेच्या गावे ओस पडत होती. अशा वेळी रयतेला सावरणे हा राजधर्म होता. परंतु ज्याची गादी परक्यांच्या बंदुकीवर टिकून आहे, त्याला रयतेच्या संतोषाची गरज उरत नाही. बाजीरावाने मामलती अधिकाधिक बोली लावणाऱ्यास मक्त्याने दिल्या आणि मक्तेदारांनी आपली रक्कम कुणब्यांकडून वसूल केली.

आश्रयदात्याच्या मागण्या मात्र वाढतच गेल्या. १८१५ मध्ये पंढरपुरास गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. रेसिडेंट एल्फिन्स्टनच्या दडपणाखाली बाजीरावाला आपला विश्वासू कारभारी त्रिंबकजी डेंगळे त्याच्या स्वाधीन करावा लागला. १८१६ मध्ये त्रिंबकजी ठाण्याच्या किल्ल्यातून निसटला. तेव्हा सिंहगड, पुरंदर व रायगड ओलीस मागण्यात आले आणि जून १८१७ च्या पुणे तहाने पेशव्याला मराठेशाहीच्या प्रमुखपदावरील हक्कही सोडावा लागला. नोव्हेंबरात खडकीला त्याने शस्त्र उचलले, तेव्हा लढण्यासारखे बळ फारसे उरले नव्हते.

हीच रीत होळकरांनाही लागू झाली. जानेवारी १८१८ च्या मंदसोर तहाने अल्पवयीन मल्हारराव होळकरांच्या नावे खानदेशातील मुलूख इंग्रजांना देण्यात आला. तापीकाठच्या थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम मामा याने गड सोडण्याचे नाकारले. फेब्रुवारीत हिस्लॉपच्या सैन्याने किल्ला घेतला, शिबंदीची कत्तल केली आणि किल्लेदारास बंडखोर ठरवून फाशी दिले. धन्याने सही केली की चाकराची निष्ठाच गुन्हा ठरते, ही अशा तहांची सर्वांत क्रूर बाजू होय.

बाजीराव स्वतः मात्र वाचला. आष्टीला बापू गोखले धारातीर्थी पडल्यानंतर काही महिने भटकून ३ जून १८१८ रोजी अशीरगडाच्या परिसरात धुळकोट येथे तो माल्कमच्या स्वाधीन झाला. सालीना आठ लाखांची नेमणूक घेऊन तो गंगाकाठी बिठूरला गेला आणि १८५१ पर्यंत जगला. त्याच्या मृत्यूनंतर डलहौसीने दत्तकपुत्र नानासाहेबांची नेमणूक बंद केली. धुळ्यास त्याआधीच कॅप्टन ब्रिग्ज येऊन इंग्रजी अंमल बसला होता.

विसाव्या शतकात राजधान्या बदलल्या, पद्धत बदलली नाही. १९५३ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांच्या मदतीने सिंहासनावर बळकट झालेल्या इराणच्या शहाला १९७९ मध्ये देश सोडावा लागला. दक्षिण व्हिएतनामच्या दिएमला अमेरिकेनेच उचलून धरले आणि १९६३ मध्ये त्याच्याविरुद्धच्या उठावाला मूक संमती दिली. सोव्हिएत फौजांबरोबर १९७९ अखेर काबूलला आलेले बबराक करमाल १९८६ मध्ये मॉस्कोच्याच इच्छेने दूर झाले.

आश्रित नेत्याला कधी पेन्शन मिळते, कधी विजनवास, कधी मृत्यू. त्याच्या देशाला मात्र दरवेळी दोन हप्ते भरावे लागतात. पहिला परकी फौजेचा आणि दुसरा स्वतःचे शासन स्वतः घडविण्याची सवय गमावल्याचा. थाळनेरच्या ढासळलेल्या तटबंदीकडे पाहताना बाजीरावाच्या भित्रेपणापेक्षा या दुसऱ्या हप्त्याचा विचार अधिक व्हावयास हवा.