ट्रायम्फ ते हस्कवर्ना : रस्ता आणि माती दोन्हीसाठी गाडी शोधणाऱ्या स्टीव्ह मॅक्वीनची गोष्ट

पुण्याजवळच्या चाकणला बजाज ऑटोच्या कारखान्यात आज ट्रायम्फची स्क्रॅम्बलर ४०० एक्स तयार होते आणि हस्कवर्नाची स्वार्टपिलेनसुद्धा. एक ब्रँड इंग्लंडचा, दुसरा मूळचा स्वीडनचा, आणि दोन्हींच्या गाड्या बनतायत चाकणला.

साठ वर्षांपूर्वी हॉलिवूडचा एक हिरो याच दोन नावांमध्ये अडकला होता. त्याला ऑफिसला जायची गाडी नको होती. डांबरी रस्त्यावरून सुसाट जाईल आणि रस्ता संपला की वाळूत, चिखलात, दगडातही तितक्याच दमात पळेल, अशी गाडी त्याला पाहिजे होती. आज गाडी घेताना पोरं जो प्रश्न विचारतात, तोच हा प्रश्न. वजनदार गाडी घ्यावी की हलकी? रस्त्याला झुकतं माप द्यावं की मातीला?

या हिरोचं नाव स्टीव्ह मॅक्वीन. आणि या प्रश्नाचं उत्तर त्याने शोरूममध्ये शोधलं नाही, हाडं मोडून घेऊन शोधलं.

मॅक्वीनचा जन्म २४ मार्च १९३० चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या बीच ग्रोव्हचा. बाप विमानाच्या कसरती करणारा पायलट, तो पोर तान्हं असतानाच निघून गेला. आई दारूच्या नादात. मग पोरगं वाढलं मिसूरीतल्या स्लेटर गावात, आजीच्या भावाच्या शेतावर. या आजोबाने त्याला चौथ्या वाढदिवसाला लाल रंगाची तीनचाकी सायकल दिली. वेगाची आवड तिथून लागली, असं तो पुढे सांगायचा.

लहानपणीच्या दुखण्यामुळे त्याला एका कानाने कमी ऐकू यायचं. वाचायला, अक्षरं लावायला त्रास व्हायचा. सावत्र बापाचा मार खायचा. चौदाव्या वर्षी त्याची रवानगी कॅलिफोर्नियातल्या चिनो इथल्या 'बॉइज रिपब्लिक' या सुधारगृहात झाली. जवळपास कुठल्याच घरात रुळू न शकलेला हा पोरगा तिथे मात्र रुळला. मोठा स्टार झाल्यावर तो सिनेमाच्या करारात रेझर, जीन्स अशा वस्तू घाऊक मागायचा. निर्मात्यांना कळायचं नाही की एका माणसाला एवढे रेझर कशाला लागतात. ते सगळं बॉइज रिपब्लिकच्या पोरांना जायचं.

सतराव्या वर्षी तो मरीन दलात भरती झाला. तिथे टँकवर होता, शिस्तीच्या बाबतीत कच्चा होता आणि बढती मिळाली की ती गमवायचा. १९५० ला बाहेर पडला आणि न्यूयॉर्कला आला. सैनिकांना शिक्षणासाठी मिळणाऱ्या सरकारी पैशातून अभिनयाच्या शाळेत नाव घातलं.

इथे त्याची पहिली मोटारसायकल येते. साइडकार लावलेली जुनी इंडियन. तेव्हाच्या मैत्रिणीने त्याला सांगितलं म्हणे, एक तर गाडी ठेव नाहीतर मी. गाडी राहिली. शनिवार-रविवारी लाँग आयलंड सिटीच्या ट्रॅकवर रेस लावून तो खर्चापुरते पैसे सोडवायचा.

१९५८ ला 'वाँटेड : डेड ऑर अलाइव्ह' ही टीव्ही मालिका आली, १९६० ला 'द मॅग्निफिसंट सेव्हन' आला आणि मॅक्वीन घराघरात पोहोचला. हातात पैसा आल्यावर गडी थेट ट्रायम्फच्या नादाला लागला.

ती ट्रायम्फ त्याला एका माणसापर्यंत घेऊन गेली. बड एकिन्स. लॉस एंजेलिसजवळ त्याचं ट्रायम्फचं दुकान होतं आणि वाळवंटातल्या रेसमध्ये त्याचा हात धरणारे फार कमी होते. तो आणि त्याचा भाऊ डेव्ह मॅक्वीनला मोहावीच्या वाळवंटात घेऊन गेले. रस्त्यावर भारी चालवणारा मॅक्वीन मातीत पहिल्यापासून शिकला.

आता त्या काळात मातीसाठी वेगळी गाडी फारशी मिळायची नाही. लोक रस्त्याचीच ट्रायम्फ घ्यायचे आणि ती बदलायचे. हँडल रुंद करायचं, सायलेन्सर वर उचलून बाजूने काढायचा म्हणजे दगडाला लागणार नाही. इंजिनाच्या पोटाखाली जाड पत्रा ठोकायचा. एअर फिल्टर मोठा बसवायचा, कारण बारीक वाळू इंजिनात गेली की खेळ खल्लास. टायर खाचांचे. अशा गाडीला तिकडे 'डेझर्ट स्लेड' म्हणायचे, म्हणजे वाळवंटातली घसरगाडी.

६५० सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन आणि दीडशे किलोंच्या पुढे वजन. मोहावीत ते चालून जायचं, कारण तिथे मोकळी सपाटी असते. एकदा वेग धरला की जड गाडी सरळ धावते, लहानसहान दगडांनी हलत नाही. पण वळणं आली, चिखल आला, गाडी आडवी पडली, की प्रत्येक किलो अंगावर येतो.

१९६२ ला जर्मनीत 'द ग्रेट एस्केप'चं शूटिंग होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्यांच्या पलायनाची ही गोष्ट, सिनेमा १९६३ ला आला. मॅक्वीनचा कैदी मोटारसायकल पळवतो आणि काटेरी तारांचं कुंपण उडून पार करतो, तो सीन आजही रील्समध्ये फिरत असतो. गोष्टीप्रमाणे गाडी जर्मन सैन्याची, म्हणजे बीएमडब्ल्यू असायला हवी होती. पण युद्धातली ती धूड गाडी उडी मारणार कशी? मग ट्रायम्फ टीआर ६ ला रंग देऊन जर्मन केलं.

आणि ती उडी मॅक्वीनची नव्हतीच, ती बड एकिन्सची होती. हिरोला काही झालं तर पिक्चर बुडेल म्हणून त्याला परवानगी मिळाली नाही. बाकीचा बराचसा पाठलाग त्याने स्वतः चालवला. मागे लागलेल्या जर्मन स्वारांना त्याचा वेग गाठता येईना, म्हणून काही शॉटमध्ये जर्मन सैनिकाचे कपडे घालून तोच स्वतःच्या मागे लागलाय. उडीचं श्रेय मात्र त्याने पुढे उघडपणे बडलाच दिलं.

सिनेमातली कसरत झाली. आता खरी परीक्षा.

'इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल' ही तेव्हाची दुचाकींची सर्वात खडतर स्पर्धा. सहा दिवस, हजार मैलांच्या पुढे अंतर, जंगलातल्या पायवाटा, नाले, चिखल, आणि मध्येमध्ये साधे सार्वजनिक रस्ते. त्यामुळे गाडीला दिवे पाहिजेत, नंबर प्लेट पाहिजे. ठरलेल्या वेळेत ठरलेल्या ठिकाणी पोहोचायचं. बिघाड झाला तर मेकॅनिकला हात लावू देत नाहीत, पंक्चरपासून सगळं स्वाराने स्वतः करायचं. रस्ता आणि माती दोन्ही जमणारी गाडी म्हणजे काय, याची व्याख्याच या स्पर्धेने केली होती.

१९६४ ला ही स्पर्धा पूर्व जर्मनीत एर्फुर्टला होती. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिकेची टीम पोलादी पडद्याच्या पलीकडे गेली. टीममध्ये बड आणि डेव्ह एकिन्स, क्लिफ कोलमन, जॉन स्टीन आणि मॅक्वीन. इंग्लंडमधल्या मेरिडनच्या कारखान्यातून ट्रायम्फ घेतल्या आणि जर्मनी गाठली. उद्घाटनाच्या संचलनात अमेरिकेचा झेंडा मॅक्वीनच्या हातात होता.

पहिले दोन दिवस तो टिकला. तिसऱ्या दिवशी वाटेत आडव्या आलेल्या मोटारसायकलला चुकवताना तो गाडीसकट खाली गेला. गाडीचा पुढचा भाग चेपला, तोंड सोललं, स्पर्धा संपली. त्याच दिवशी बडचा पाय मोडला.

दोष सगळा गाडीवर टाकता येणार नाही. डेव्ह एकिन्स आणि क्लिफ कोलमन यांनी ट्रायम्फवरच सुवर्णपदक मिळवलं. पण मुख्य विजेतेपद कुणी नेलं? यजमान पूर्व जर्मनीने. त्यांच्याकडे एमझेड कंपनीच्या लहान टू-स्ट्रोक गाड्या होत्या. इंजिन निम्म्याहून कमी सीसीचं, वजन कमी आणि चिखलात रुतली तर एकट्याने ओढून काढता येईल अशी गाडी.

मॅक्वीनने लगेच ट्रायम्फ सोडली का? छे. आधी त्याने ट्रायम्फच सुधारायचा प्रयत्न केला. इंग्लंडमधले रिकमन बंधू 'मेटिस' नावाची चेसी बनवायचे. फ्रेंचमध्ये मेटिस म्हणजे मिश्र जातीचा. नाव अगदी बरोबर होतं, कारण यात चेसी एकाची आणि इंजिन दुसऱ्याचं असायचं. चेसीच्या नळ्यांमध्येच इंजिनचं ऑइल ठेवायची सोय होती, त्यामुळे वेगळी टाकी वाचली. मॅक्वीनने या चेसीत ट्रायम्फचं इंजिन बसवून घेतलं. १९६६ ला 'पॉप्युलर सायन्स' मासिकात त्याच्या नावाने एक लेखही आला, वेगवेगळ्या गाड्या चालवून कोणती का आवडली हे सांगणारा. म्हणजे आजच्या भाषेत रिव्ह्यू. फरक एवढाच की हा रिव्ह्यू करणारा त्याच गाड्यांवर रेस हरून आला होता.

त्याच वर्षांत एडिसन डाय नावाचा माणूस स्वीडनहून हस्कवर्ना अमेरिकेत आणायला लागला. सोबत त्याने तिथला जगज्जेता टॉर्स्टन हॉलमनलाही आणलं. हॉलमन ज्या वळणांवरून, ज्या उंचवट्यांवरून गाडी न्यायचा, तिथे ट्रायम्फवाले अमेरिकन बघतच राहायचे.

टू-स्ट्रोकचं गणित आपल्याकडे आरएक्स १०० चालवलेल्यांना वेगळं सांगायला नको. व्हॉल्व्हचा पसारा नाही, भाग कमी, वजन कमी, आणि सीसीच्या मानाने ताकद जास्त. मॅक्वीनने घेतलेली हस्कवर्ना ४०० क्रॉस साधारण ११० किलोंची होती. म्हणजे ट्रायम्फपेक्षा जवळपास एक माणूस कमी. मातीत गाडी उभ्याने चालवायची असते, ढोपरांनी धरून अंगाने वळवायची असते. तिथे हा फरक मिनिटामिनिटाला कळतो.

मग तोटे काय? तेही होते. खाचांचे टायर डांबरावर लवकर झिजतात आणि ओल्या रस्त्यावर घसरतात. सीट अरुंद, दिवे नाहीत, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळत बसायचं, आणि लांबच्या रस्त्यावर अशी गाडी अंग खिळखिळं करते. मॅक्वीनला याचं काही नव्हतं, कारण त्याच्याकडे रस्त्यासाठी वेगळ्या गाड्या होत्या आणि हस्कवर्ना ट्रकमध्ये टाकून नेता यायची. ज्यांच्याकडे एकच गाडी घेण्याएवढे पैसे होते, त्यांच्यासाठी यामाहाने १९६८ ला डीटी १ काढली. २५० सीसी, टू-स्ट्रोक, हलकी, आणि दिव्यांसह रस्त्यावर चालणारी. आजच्या ड्युअल-स्पोर्ट गाड्यांचं मूळ तिच्यात शोधतात.

१९७० च्या मार्चमध्ये मॅक्वीन फ्लोरिडात सेब्रिंगच्या १२ तासांच्या कार रेसला उतरला, तेव्हा त्याचा डावा पाय प्लास्टरमध्ये होता. दोन आठवड्यांपूर्वी मोटारसायकल रेसमध्ये मोडला होता. तसाच पोर्शेचा क्लच दाबत तो आणि पीटर रेव्हसन दुसरे आले, मारियो आंद्रेत्तीच्या फेरारीच्या थोडेच मागे. बहुतेक वेळ रेव्हसनने चालवली हेही खरं.

पुढच्या वर्षी 'ऑन एनी संडे' आला. ब्रूस ब्राऊनने मोटारसायकलवाल्यांवर बनवलेली ही डॉक्युमेंटरी, पैसे मॅक्वीनच्या कंपनीचे. त्यात तो एल्सिनोअरच्या रेसमध्ये दिसतो. ही रेस गावातल्या डांबरी रस्त्यांवरून सुरू होऊन डोंगरातल्या मातीत जायची आणि परत गावात यायची. म्हणजे त्याच्या प्रश्नाचा नकाशाच. आपल्या नावामुळे गर्दी होऊ नये म्हणून तो हार्वी मशमन या नावाने अर्ज भरायचा. सिनेमाचा शेवट मरीन दलाच्या कॅम्प पेंडलटनच्या समुद्रकिनाऱ्यावर होतो. तिथली परवानगी जुन्या मरीननेच मिळवून दिली. मॅक्वीन, माल्कम स्मिथ आणि मर्ट लॉविल असे तिघे तिथे निव्वळ मजेत गाड्या पळवतात. डॉक्युमेंटरीला ऑस्करचं नामांकन मिळालं. ऑगस्ट १९७१ मध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या मुखपृष्ठावर हस्कवर्नावर उघड्या अंगाने हवेत झेपावलेला मॅक्वीन आला आणि अमेरिकेत ही स्वीडिश गाडी शेंबड्या पोरालाही माहीत झाली.

'द टॉवरिंग इन्फर्नो'नंतर, म्हणजे १९७४ नंतर, जगातला सर्वात महागडा हिरो असताना तो काही वर्षं सिनेमापासून जवळजवळ लांबच राहिला. कॅलिफोर्नियातल्या सांता पॉलाला विमानाच्या हँगरमध्ये बायको बार्बरासोबत राहायला लागला. तिथे जुनं स्टिअरमन विमान चालवायला शिकला. भोवती शंभरहून जास्त मोटारसायकली, बहुतेक जुन्या, आणि त्यात इंडियन भरपूर.

१९७९ च्या डिसेंबरमध्ये निदान झालं, मेसोथेलिओमा. अॅस्बेस्टॉसशी जोडला गेलेला हा कॅन्सर. मरीनमध्ये असताना जहाजाच्या पाइपांवरचं अॅस्बेस्टॉस काढायचं काम त्याने केलं होतं, आणि तेव्हाच्या रेसिंग सूटमध्येही ते असायचं. अमेरिकन डॉक्टरांनी हात टेकल्यावर तो उपचारासाठी मेक्सिकोला गेला. ७ नोव्हेंबर १९८० ला सिउदाद ह्वारेझमध्ये ऑपरेशननंतर तो गेला. वय ५०.

चार वर्षांनी लास व्हेगासच्या इम्पीरियल पॅलेसमध्ये त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला. हँगरमधल्या गाड्या तिथून वेगवेगळ्या मालकांकडे गेल्या, इंडियनसुद्धा.