लाकडापासून कागद करणारा केलर

इयत्ता सातवी

या वेळी मी एका जर्मन माणसाचे चरित्र लिहीत आहे. न्यूटन, एडिसन ही नावे आपल्याला पाठ आहेत. फ्रीडरिश गोटलोब केलर हे नाव मात्र आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. कागदाच्या इतिहासात ते मोठे नाव आहे. सकाळी पारावर जे वर्तमानपत्र हातोहात फिरते, त्याचा स्वस्त कागद होण्यामागे याच माणसाची खटपट आहे.

केलरचा जन्म 27 जून 1816 रोजी जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात हाइनिशेन या छोट्या गावी झाला. वडील विणकर होते. मागाला लागणाऱ्या फण्याही ते बांधत. ज्यांच्या गावात हातमाग आहेत त्यांना फणी ठाऊकच असेल. ताण्याचा एकेक धागा तिच्या दातांतून जातो. फ्रीडरिशही हाच धंदा शिकला. त्याचे मन मात्र यंत्रांत रमे. पुढचे शिक्षण काही मिळाले नाही, म्हणून तो नवनव्या यंत्रांविषयी मिळेल ते वाचायचा. डोक्यात काही नवे आले की लगेच एका वहीत लिहून ठेवायचा, त्याची आकृती काढायचा. या सवयीला फार महत्त्व आहे, कारण पुढची सगळी गोष्ट या वहीतूनच निघाली.

आता त्या काळी कागद कसा होत असे ते सांगते. युरोपात कागद चिंध्यांपासून करीत. जुने सुती कपडे आणि जवसाच्या धाग्याचे म्हणजे लिननचे कपडे फाटले की चिंध्या गोळा करणारे लोक दारोदार फिरून ते नेत. मग त्या चिंध्या निवडायच्या, धुवायच्या, पाण्यात कुटायच्या. त्यांचा लगदा झाला की जाळीच्या चौकटीवर तो पातळ पसरायचा, पाणी निथळू द्यायचे, दाबायचे आणि वाळवायचे. झाला कागद! हा कागद टिकाऊ असे, पण महाग. गरिबाच्या घरी पुस्तक असणे ही चैनच.

पुढे 1799 साली फ्रान्समध्ये लुई निकोला रोबेर याने कागदाची लांबच लांब पट्टी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. 1814 साली लंडनचे टाइम्स हे वर्तमानपत्र वाफेच्या यंत्रावर छापले जाऊ लागले. म्हणजे कागद करायला यंत्र आले, छापायलाही यंत्र आले. पण चिंध्या कुठून आणायच्या? माणसे काही कागदासाठी लवकर कपडे फाडणार नव्हती! चिंध्यांचा तुटवडा पडला. कागदाला दुसरा काहीतरी कच्चा माल हवा होता.

याचे उत्तर एका किड्याला फार पूर्वीपासून माहीत होते. तो किडा म्हणजे गांधीलमाशी. वळचणीला तिचे करड्या रंगाचे घर आपण सर्वांनी पाहिलेले आहे. (घर रिकामे असेल तरच हात लावा हं!) ते घर हाताला अगदी कागदासारखे लागते, कारण तो कागदच आहे. गांधीलमाशी कुंपणाच्या जुन्या लाकडाचे तंतू कुरतडते, तोंडातल्या लाळेत ते भिजवून चावते आणि त्याचा पातळ थर लावते. वाळला की कागद. रेओमूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1719 साली ही गोष्ट पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली. माशीला चिंध्या लागत नाहीत, मग माणसाला का लागाव्यात, असा त्याचा मुद्दा होता. पण त्याने स्वतः लाकडाचा कागद केला नाही. पुढे जर्मनीत शेफर नावाच्या धर्मगुरूने लाकूड, गवत, पाने अशा कितीतरी वस्तूंपासून कागदाचे नमुने केले. लंडनमध्ये मथायस कूप्स याने 1801 च्या सुमारास गवताच्या काडापासून कागद करण्याचा मोठा कारखाना काढला, पण तो बुडाला. कल्पना होती, रीत सापडत नव्हती.

केलरने 1841 साली आपल्या वहीत लाकडाच्या तंतूंपासून कागद करण्याची कल्पना टिपून ठेवली. पण लाकूड आणि लगदा यांत फार अंतर आहे. कुऱ्हाडीने ढलप्या निघतात, करवतीने भुसा पडतो. भुशाचा कागद होत नाही, कारण त्यातले तंतू तुटून गेलेले असतात. कागदाला लांब तंतू लागतात. ते एकमेकांत गुंतले तरच पान धरून राहते.

इथे त्याला लहानपणचा एक खेळ आठवला असे सांगतात. आपण चिंचोके दगडावर घासून एका बाजूने पांढरे करतो ना, तसाच तो खेळ. तिकडची मुले चेरी नावाच्या फळाच्या बिया घासून त्यांच्या माळा करीत. बिया हातातून निसटू नयेत म्हणून लाकडी फळीला भोके पाडून त्यांत त्या बसवायच्या आणि फळी ओल्या, फिरत्या दगडावर धरायची. बियांबरोबर फळीचे लाकूडही घासले जाई आणि खालच्या पाण्यात लाकडाचे बारीक तंतू तरंगत. लहानपणी ते पाणी सगळ्यांनीच फेकून दिले असेल. केलरला मोठेपणी त्याची किंमत कळली.

1843 साली त्याने धार लावायच्या दगडासारखा फिरता दगड घेतला, त्यावर पाणी सोडले आणि लाकडाचा तुकडा दाबून धरला. दगड फिरू लागला, खाली दुधासारखे गढूळ पाणी जमू लागले. त्यातले काही पाणी टेबलावरच्या कापडावर सांडले आणि वाळल्यावर तिथे कागदाचा लहानसा पापुद्रा मिळाला, असे सांगतात. 1844 मध्ये त्याने अशा लगद्याची पाने तयार केली.

आपल्याकडे सहाणेवर चंदन उगाळतात. केलरची रीत थोडीफार तशीच. दगड, पाणी आणि लाकूड. मग चंदनाच्या गंधाचा कागद का होत नाही, असे मला वाटले होते. त्याचे कारण असे. चंदनाचे खोड आपण उभे धरून त्याचे टोक घासतो. त्यामुळे तंतू आडवे कापले जातात आणि पिठासारखे बारीक गंध निघते. कागदासाठी लाकूड आडवे धरावे लागते. दगड त्याच्या कुशीवर फिरला की तंतू सोलल्यासारखे सुटतात. उसाचा तुकडा उभा ठेवून कापणे वेगळे आणि आडवा धरून सोलणे वेगळे, तसेच हे. एवढ्याशा फरकात सारी गंमत आहे बघा.

ऑक्टोबर 1845 मध्ये जवळच्या फ्रांकेनबेर्ग गावच्या साप्ताहिकाचा एक अंक केलरच्या कागदावर छापला गेला. लाकडाच्या लगद्यात थोडा चिंध्यांचा लगदा मिसळलेला होता, कारण दगडावर दळलेले तंतू आखूड असतात आणि एकट्याने पानाला बळकटी देत नाहीत. तरी जगाला नवा कागद मिळाला होता.

आता वाटेल की केलर श्रीमंत झाला असेल. तसे झाले नाही. घरात एका दगडावर लाकूड घासणे वेगळे आणि नदीच्या पाण्यावर चालणारी मोठी यंत्रे उभी करणे वेगळे. त्याला पैसा लागतो. केलरकडे तो नव्हता. शेवटी हाइनरिश फेल्टर नावाच्या कागद गिरणीच्या व्यवस्थापकाशी त्याने व्यवहार केला आणि 700 टालर घेऊन आपल्या शोधाचा हक्क दिला. टालर हे तिथले त्या वेळचे चांदीचे नाणे. 1845 साली मिळालेल्या पेटंटवर दोघांचीही नावे होती. पण पेटंट म्हणजे कायमचा सातबारा नव्हे. मुदत संपली की पैसे भरून ते पुन्हा घ्यावे लागे. 1852 साली ती वेळ आली तेव्हा केलरजवळ भरायला पैसेच नव्हते. फेल्टरने पैसे भरले आणि पेटंट एकट्या फेल्टरचे झाले.

फेल्टरला वाईट म्हणावे का, यावर आमच्या वर्गात वाद झाला. मला वाटते, नुसते वाईट म्हणता येणार नाही. त्याने स्वतःचा पैसा घातला आणि पुष्कळ कष्ट घेतले. हायडेनहाइम गावच्या योहान मथेउस फोइट या कारागिराने त्याला साथ दिली. दळलेल्या लगद्यात लाकडाचे जाड तुकडे राहत, ते आणखी बारीक करण्याचे यंत्र फोइटने 1859 साली केले. 1867 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात लाकूड दळायचे यंत्र लोकांनी पाहिले आणि मग देशोदेशी अशा गिरण्या निघाल्या. हे काम केलरच्या एकट्याच्या ऐपतीचे नव्हते. पण ज्याने बी पेरले त्याच्या घरी सुगीत पायलीभर तरी धान्य जायला हवे होते. ते गेले नाही, हे मात्र खरे.

याच सुमारास समुद्रापलीकडे कॅनडातील नोव्हा स्कोशियात चार्ल्स फेनर्टी नावाच्या तरुणाने स्प्रूस झाडाच्या लाकडापासून कागद केला होता. 26 ऑक्टोबर 1844 रोजी त्याने हॅलिफॅक्सच्या एका वर्तमानपत्राला पत्र लिहून सोबत तो कागदही पाठवला. कुणी फारसे लक्ष दिले नाही आणि त्याने पेटंटही घेतले नाही. एकाच गरजेपायी दोन देशांतली दोन माणसे एकाच वाटेने गेली. नवल आहे की नाही?

1853 साली केलर एल्ब नदीकाठच्या क्रिपेन गावी राहायला गेला. तिथे त्याने यंत्रदुरुस्तीचे आणि यंत्रे करण्याचे छोटे दुकान चालवले. त्याच्या रीतीने गाड्या भरभरून कागद निघत होता आणि तो स्वतः हातात हत्यारे घेऊन पोट भरत होता. म्हातारपणी जर्मनीतल्या कागद कारखानदारांना त्याची आठवण झाली. त्यांनी वर्गणी जमवून त्याला मदत केली, त्यामुळे अखेरची वर्षे जरा सुखाची गेली. 8 सप्टेंबर 1895 रोजी क्रिपेन येथेच तो वारला. पुढे त्याच्या घराचे संग्रहालय करण्यात आले.

केलरच्या कागदात एक उणेपणा आहे, तोही सांगितला पाहिजे. लाकडात तंतूंना एकमेकांशी चिकटवून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो. दळलेल्या लगद्यात तो तसाच राहतो. ऊन आणि हवा लागली की तो पिवळा पडतो. वर्तमानपत्राचा एक तुकडा अर्धा पाटीखाली झाकून चार-पाच दिवस उन्हात ठेवा. मी ठेवला होता. उघडा भाग पिवळा झाला आणि झाकलेला तसाच राहिला. म्हणूनच जुनी वर्तमानपत्रे पिवळी आणि ठिसूळ होतात. पुढे रसायनांत लाकूड शिजवून लिग्निन काढून टाकण्याच्या रीती निघाल्या. अमेरिकेतल्या टिल्घमन याने 1867 साली आणि जर्मन रसायनतज्ज्ञ कार्ल डाल याने 1884 साली अशा रीतींची पेटंटे घेतली. त्या कागदाला बळकटी जास्त, पण त्यात लाकडाचे निम्मेच वजन हाती लागते. दळताना मात्र जवळजवळ सगळे लाकूड उपयोगी पडते. म्हणून आज वाचून उद्या बाजूला ठेवायच्या वर्तमानपत्राला केलरचीच रीत परवडली.

ही रीत आपल्या देशातही आली. भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या रेल्वेवर बऱ्हाणपूरच्या पुढे मध्य प्रदेशात नेपानगर हे स्टेशन लागते. तिथल्या गिरणीत 1955 साली वर्तमानपत्राचा कागद निघू लागला. आपल्या देशातली ती अशी पहिली गिरणी. 1956 साली पंडित नेहरूंनी ती राष्ट्राला अर्पण केली. आपल्याकडे स्प्रूसची जंगले कुठली असणार? म्हणून तिथे सालईचे लाकूड दळून त्यात बांबूचा लगदा मिसळत. सालईचे झाड सातपुड्याकडच्या लोकांना चांगले माहीत आहे.

केलरला स्वतःला पुढे शिकायला मिळाले नाही. पण लाकडाचा कागद आला आणि पुस्तके, वर्तमानपत्रे, वह्या इतक्या स्वस्त झाल्या की विणकराच्या, शेतमजुराच्या मुलांच्या हातात पडू लागल्या. मला या चरित्रातली हीच गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. त्याला पैसे मिळाले नाहीत, पण त्याचे देणे आपल्यापर्यंत पोचले.

मित्रांनो, कागदासाठी झाड जाते हे ध्यानात ठेवू या. वहीचे पान दोन्ही बाजूंनी लिहू या आणि उगीच फाडू नये. पाठकोऱ्या कागदांची एक छोटी वही शिवून केलरसारखे तिच्यात सुचेल ते टिपून ठेवू या. आणि पालकांना एक विनंती आहे. मूल चिंचोके घासत बसले तर लगेच रागावू नका. ते कदाचित खालच्या पाण्याकडे बघत असेल.