जमा-खर्च जुळवणारा लव्हाझिए : दहावीच्या समीकरणामागचा माणूस

तळवडे : दहावीच्या विज्ञानात ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’ हा धडा आला की भल्याभल्या पोरांना घाम फुटतो. नियम तसा एका ओळीचा आहे. बाणाच्या डावीकडं जेवढे अणू, तेवढेच उजवीकडं आले पाहिजेत. पण हे असं का, ते उमगलं नाही तर समीकरण पाठ करायची वेळ येते. हा हिशेब ज्यानं तराजूवर तोलून दाखवला, तो अँटोनी लव्हाझिए शिकला होता वकिली आणि काम करायचा करवसुलीचं.

२६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसमध्ये त्याचा जन्म झाला. पाच वर्षांचा असताना आई गेली. घर वकिलांचं, म्हणून तोही कायदा शिकला. मन मात्र दगड-माती आणि रसायनात. १७६८ मध्ये, पंचविशी गाठायच्या आत, तो फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचा सदस्य झाला. त्याच वर्षी त्यानं करवसुलीच्या मक्त्यात भाग घेतला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात आपल्याकडं महसुलाचा इजारा दिला जायचा, तसाच हा प्रकार. मक्तेदारांनी राजाला ठरलेली रक्कम द्यायची आणि मीठ, तंबाखूवरचा कर लोकांकडून वसूल करायचा. मिठावरच्या कराचा भार गरिबावर पडायचा. लव्हाझिएला पैसा मिळाला तो यातून आणि प्रयोगशाळाही उभी राहिली ती याच पैशावर.

१७७१ मध्ये त्याचं लग्न झालं. बायको मारी तेव्हा अवघी १३ वर्षांची, त्याच्याच बरोबरच्या एका मक्तेदाराची मुलगी. पुढं ती इंग्रजी शिकली, नवऱ्यासाठी परदेशी विज्ञानाची भाषांतरं करू लागली. प्रयोगाच्या नोंदी ती ठेवायची, उपकरणांची चित्रंही तीच काढायची.

त्या काळचा मोठा प्रश्न होता, जळणं म्हणजे काय? चुलीत दहा किलो लाकूड घातलं तर मूठभर राख उरते. बाकीचं गेलं कुठं? जळताना वस्तूतून एक अदृश्य पदार्थ निघून जातो, असं विद्वान मानायचे. लव्हाझिएनं तराजू पुढं ओढला. १७७२ मध्ये त्यानं गंधक आणि फॉस्फरस जाळून पाहिले, तर वजन वाढलं! मग त्यानं बंद भांड्यात कथील तापवलं. भांडं बंद असेपर्यंत एकूण वजन जसंच्या तसं. झाकण उघडलं तशी बाहेरची हवा आत घुसली आणि वजन वाढलं. म्हणजे कथिलानं भांड्यातलीच हवा धरली होती.

पुढं त्यानं पारा हवेत सलग १२ दिवस तापवला. पाऱ्यावर लाल भुकटी आली आणि हवा साधारण एक षष्ठांशानं कमी झाली. उरलेल्या हवेत मेणबत्ती विझायची. तीच लाल भुकटी जास्त तापवली तर पारा परत मिळाला आणि कमी झालेली हवाही परत आली. त्या हवेला त्यानं ऑक्सिजन नाव दिलं.

१७८९ मध्ये आलेल्या पुस्तकात त्यानं नियम मांडला, की क्रियेच्या आधी जेवढं द्रव्य असतं तेवढंच नंतरही असतं. आजची चिन्हं तेव्हा नव्हती, ती पुढच्या शतकात आली. पण द्राक्षाचा रस आंबताना एका बाजूला काय गेलं आणि दुसऱ्या बाजूला काय आलं, हे त्यानं वहीतल्या जमा-खर्चासारखं लिहिलं.

पोरांनी याच लाल भुकटीवर हात बसवावा. ऑक्सिजनच्या एका रेणूत दोन अणू असतात, लाल भुकटीच्या एका घटकात ऑक्सिजनचा एकच. म्हणून ऑक्सिजनचा एक रेणू संपवायला पाऱ्याचे दोन अणू लागतात आणि भुकटीचे दोन घटक बनतात. दोन्हीकडं पारा दोन, ऑक्सिजन दोन. हिशेब जुळला. सूत्राच्या आतला अंक मात्र बदलायचा नाही, तो बदलला की पदार्थच बदलतो. बदलायचा तो सूत्राच्या अलीकडचा आकडा.

लव्हाझिए शेतीही करायचा. फ्रेशिन गावच्या जमिनीवर त्यानं चारा, जनावरं, शेणखत आणि गहू यांचा वर्षानुवर्षं हिशेब ठेवला. खत वाढवायचं तर आधी चारा आणि जनावरं वाढवा, हे त्यानं ताडलं.

सरकारी दारूगोळ्याचं कामही त्याच्याकडं होतं. ऑक्टोबर १७८८ मध्ये एसोन इथं बंदुकीच्या दारूची नवी कृती करून पाहताना स्फोट झाला. दोघांचा जीव गेला, लव्हाझिए आणि मारी थोडक्यात वाचले. किती द्रव्य लागेल आणि किती तयार होईल, हे समीकरण सांगतं. ते किती झटक्यात पेटेल, हे सांगत नाही. तळवड्याला हे वेगळं सांगायला नको. ८ डिसेंबर २०२३ रोजी इथंच वाढदिवसाच्या केकवर लावायच्या स्पार्कल मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागून महिला कामगारांचा जीव गेला.

१७८९ मध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली. करवसुली करणाऱ्यांवर लोकांचा राग होताच. नोव्हेंबर १७९३ मध्ये हिशेब सादर होईपर्यंत सगळ्या मक्तेदारांना कोठडीत टाकलं. जमा-खर्च जुळवण्यात आयुष्य घातलेला माणूस तुरुंगात बसून मक्त्याचे हिशेब लिहीत होता. तंबाखूत पाणी घालून वजन वाढवल्याचाही आरोप मक्तेदारांवर होता. ८ मे १७९४ रोजी खटला चालला आणि त्याच दिवशी २८ जणांची डोकी उडवली. त्यात लव्हाझिए होता, त्याचा सासराही होता. वय अवघं ५०.

मारीलाही काही काळ तुरुंगात काढावा लागला. पुढं जप्त झालेलं सामान आणि कागदपत्रं तिला परत मिळाली, तेव्हा तिनं नवऱ्याचे राहिलेले लेख छापून काढले.

आज आपल्या भागात पोरगं आयटीआयला जावो, डिप्लोमाला जावो, नाहीतर चाकणच्या कारखान्यात लागो, कुठं ना कुठं रसायनाशी गाठ पडतेच. टाकीत काय पडतंय आणि त्यातून काय निघतंय, हे त्याला कळलं पाहिजे. दहावीच्या वहीतलं ते दोन ओळींचं गणित त्याचीच सुरुवात आहे.