भंडाऱ्याच्या पराभवाचा धडा

वैनगंगेच्या काठच्या बालाघाटहून एका मराठी वाचकाचे पत्र आमच्याकडे आले आहे. तरुणपणापासून एकही मतदान न चुकविणारा हा गृहस्थ यापुढे मतदान केंद्राची पायरी चढणार नाही म्हणतो. उमेदवार भोपाळ-दिल्लीच्या दिवाणखान्यांत ठरतात, आपल्या हाती केवळ शिक्कामोर्तब करणे उरते, ही त्याची तक्रार आहे. तक्रार खोटी नाही आणि ती एकट्या बालाघाटची तर नाहीच नाही. किनाऱ्यावरच्या आमच्या गावांतूनही तीच ऐकू येते. प्रश्न आहे तो तिच्यातून काढलेल्या निष्कर्षाचा. त्याला उत्तर म्हणून युक्तिवाद करण्याऐवजी एका थोर पुरुषाच्या चरित्राकडे वळावे असे आम्हांस वाटते.

बालाघाट ओलांडून वैनगंगा भंडाऱ्याकडे वाहत जाते. १९५४ साली हे दोन्ही जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होते. त्या वर्षी भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली आणि राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. ज्यांच्या अध्यक्षतेखाली राज्यघटनेचा मसुदा सिद्ध झाला, ते बाबासाहेब त्याच घटनेने मताधिकार दिलेल्या जनतेपुढे मत मागण्यासाठी खेडोपाडी हिंडले आणि हरले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी निवडून आले. मतदारसंघ द्विसदस्य होता, प्रत्येकाला दोन मते होती. दुसरे मत वाया घालविण्यास अनुयायांना सांगावे, म्हणजे विजय सोपा होईल, असे काहींनी सुचविले असता बाबासाहेबांनी ते साफ नाकारले, अशी हकिकत कार्यकर्त्यांच्या आठवणींत आढळते. घटनेने दिलेले मत फुकट दवडा असे सांगण्यापेक्षा पराभव त्यांना पत्करला.

हा काही पहिला पराभव नव्हता. दोनच वर्षांपूर्वी, १९५२ मध्ये, उत्तर मुंबईत नारायणराव काजरोळकरांनी त्यांना हरविले होते. त्याआधी १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची धूळधाण झाली आणि घटना समितीत जाण्यासाठी त्यांना जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने बंगालचा रस्ता धरावा लागला. १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले होते. निराश होऊन घरी बसण्याचा अधिकार कोणाला असेलच, तर तो या माणसाला होता.

महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेल्या बाबासाहेबांनी कोलंबिया आणि लंडन येथील विद्यापीठांच्या सर्वोच्च पदव्या संपादन केल्या होत्या. बॅरिस्टरी करून सुखाने राहणे त्यांना अवघड नव्हते. परंतु १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा आणि १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाल्यावर, केवळ सभा आणि सत्याग्रह पुरेसे नाहीत, कायदा जेथे होतो तेथे आपली माणसे बसली पाहिजेत, हे त्यांनी ओळखले. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या निवडणुकीत या कोवळ्या पक्षाचे सतरापैकी चौदा उमेदवार विजयी झाले. कोकणच्या वाचकाला हेही स्मरत असेल की, खोतीच्या उच्चाटनाचे विधेयक १९३७ मध्ये त्यांनीच विधिमंडळात आणले आणि १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. विधेयक तेव्हा संमत झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला. पक्षकार्याचे पीक असे उशिरा हाती येते.

भंडाऱ्यानंतर त्यांनी काय केले? प्रकृती ढासळत असतानाही १९५६ च्या जुलैत मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. विद्यार्थी मोजकेच होते. जातीच्या मर्यादा ओलांडणाऱ्या रिपब्लिकन पक्षाची आखणीही त्यांनी चालविली होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले; पक्षाची स्थापना १९५७ च्या ऑक्टोबरात नागपुरास झाली. तत्पूर्वी त्याच वर्षीच्या निवडणुकीत दादासाहेब गायकवाड नाशिकहून लोकसभेवर गेले होते. दुर्दैवाने हा पक्ष अल्पावधीतच फुटला. राजकारणातील विभूतिपूजा अधःपाताकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी घटना समितीतील अखेरच्या मोठ्या भाषणात दिला होता. जयजयकार सोपा, शाखा चालविणे कठीण. त्यांच्या अनुयायांनाही हे जड गेले, मग इतर पक्षांची कथा काय सांगावी?

बालाघाटच्या आमच्या वाचकाने या चरित्राचा एवढा अर्थ घ्यावा. मतदान ही राजकारणाची शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. मतपत्रिकेवर कोणाचे नाव यावे याचा निर्णय पक्षात होतो, आणि पक्षाच्या स्थानिक शाखेत जर चार ठेकेदार आणि त्यांचे आठ भाट एवढेच उरले असतील, तर उमेदवार त्यांच्याच पसंतीचा येणार. २०१३ पासून मतदाराला कोणीही नको असे नोंदविता येते. पण लोकसभा-विधानसभेत अशी मते सर्वांत अधिक पडली तरी उमेदवारांत पुढे असलेलाच निवडून येतो. नकाराने जागा रिकामी राहत नाही. ती दुसरा कोणी भरतो.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ साली मध्य प्रदेशात नव्या पंचायतींच्या निवडणुका झाल्या. ग्रामसभेचे दार तेव्हापासून कायद्याने उघडे आहे. आपल्या मताशी जवळच्या पक्षाची वर्गणी भरावी, सभासदांची यादी पाहायला मागावी, बैठक कधी झाली ते विचारावे, हिशेब मागावा, अंतर्गत निवडणुकीचा आग्रह धरावा. पहिल्या दिवशी कोणी विचारणार नाही, अपमानही होईल. एकटा माणूस पक्ष बदलू शकत नाही हे खरे. पण वॉर्डाच्या बैठकीला नियमाने येणारी दहा निःस्वार्थी माणसे पाहून तिकीटवाटप करणारा दोनदा विचार करतो, हेही तितकेच खरे.

भंडाऱ्यात हरलेल्या बाबासाहेबांनी मतदाराला दोष दिला नाही आणि मतपेटीकडे पाठही फिरविली नाही. त्यांनी शाळा काढली. त्यांच्यापेक्षा मोठा अपेक्षाभंग आपल्या वाट्याला आला आहे असे ज्यास वाटत असेल, त्याने खुशाल घरी बसावे. बाकीच्यांनी उद्या सकाळी आपल्या पक्षाच्या तालुका कचेरीचा पत्ता शोधावा.