काउंट झिंझेंडॉर्फ व प्रीतिभोजन

ज्या थोर पुरुषामुळें मोराव्हियन मंडळींत प्रीतिभोजनाची चाल पडली, त्यांचें चरित्र आमच्या खेड्यांतील बंधुभगिनींस बोधप्रद होईल असें वाटतें.

काउंट निकोलस झिंझेंडॉर्फ यांचा जन्म जर्मनींत ड्रेस्डेन शहरीं ता. २६ मे १७०० रोजीं झाला. ते सहा आठवड्यांचे असतांनाच वडील वारले. भाविक आजीनें त्यांस वाढविलें. हाले येथें शिक्षण झाल्यावर ते कायदा शिकले व सॅक्सनीच्या दरबारीं नोकरीस लागले. १७२२ सालीं धर्मछळामुळें मोराव्हियांतून पळून आलेल्या लोकांस त्यांनीं आपल्या जमिनींत आश्रय दिला. तेथें हेर्नहूट गांव वसलें.

आश्रय मिळाला, पण ऐक्य झालें नाहीं. कोणी मोराव्हियन, कोणी लूथरपंथी, कोणी रिफॉर्म्ड. मतांवरून व रीतींवरून कलह माजला. तेव्हां काउंट दरबारांतून रजा घेऊन गांवांत राहावयास आले व घरोघर जाऊन लोकांशीं बोलले. ता. १२ मे १७२७ रोजीं सर्वांनीं बंधुप्रेमाचे नियम मान्य केले. ता. १३ ऑगस्ट रोजीं बेर्थेल्सडोर्फच्या मंदिरांत प्रभुभोजनाच्या वेळीं सर्वांचीं अंतःकरणें द्रवलीं. उपासना संपली तरी लोक पांगेनात. ठिकठिकाणीं जमून बोलत राहिले. त्यांस जेवणासाठीं उठावें लागूं नये म्हणून काउंटांनीं आपल्या घरून अन्न पाठविलें. हेंच त्या प्रीतिभोजनाचें मूळ होय. पुढें १७३२ सालीं ह्याच गांवांतून सेंट टॉमस बेटांतील गुलामांकडे मिशनरी निघाले. १७३६ सालीं काउंटांस हद्दपारी भोगावी लागली. ता. ९ मे १७६० रोजीं ते हेर्नहूट येथें प्रभूमध्यें निद्रिस्त झाले.

गेल्या सणास आमच्या मंडळींत प्रीतिभोजन झालें. एका बाईनें उकडलेले बटाटे आणिले, दुसरीनें कांदा व कोथिंबीर चिरली, तिसरीनें घरचें दहीं दिलें; वरून जिऱ्यामिरच्यांची फोडणी पडली. बटाटा बटाटाच राहिला, कांदा कांदाच राहिला, तरी कोशिंबीर एक झाली. परंतु पूर्वजातीचा अभिमान धरून दोन कुटुंबें पंक्तीपासून दूर बसलीं. आम्हीं त्यांस हांक मारिली, पण जागेवरून उठलों नाहीं. काउंट मात्र घरोघर गेले होते! हा आमचा दोष आम्ही कबूल करितों, व येत्या सणापूर्वीं त्या दोन्ही घरांच्या उंबऱ्यावर जाणार आहों. प्रिय वाचकहो, तुमच्याही मंडळींत कोणी दूर बसत असेल, तर पानें मांडण्यापूर्वीं त्याच्या घरीं जा.