शाळेसाठी तिजोरी उघडणारा राजा : सयाजीराव गायकवाड

सर्व सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. मातृभाषेतून शिक्षण मिळावे, असा ठराव सभेत एका मिनिटात मंजूर होतो. परंतु त्या शिक्षणाला शिक्षक लागतो, शिक्षकाला पगार लागतो, पुस्तके लागतात, डोक्यावर छप्पर लागते. हा खर्च कोणी सोसायचा, हा भाषेच्या प्रश्नामागचा खरा प्रश्न आहे. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने त्याचे उत्तर दिले, आणि तेही मराठी मुलखाबाहेर बसून. म्हणून या भाषाविशेष पानात बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे चरित्र सांगावेसे वाटते.

नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे गावी ११ मार्च १८६३ रोजी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव गोपाळराव. घराणे गायकवाडांचेच, पण शेतीवर गुजराण करणारे. बाराव्या वर्षापर्यंत या मुलाची अक्षरओळखही धड झालेली नव्हती. १८७५ साली इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले. त्यानंतर खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी २७ मे १८७५ रोजी गोपाळरावांना दत्तक घेतले आणि ते सयाजीराव झाले. इलियट नावाचे इंग्रज अधिकारी त्यांचे शिक्षक होते. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा मुळाक्षरांपासून शिकाव्या लागल्या. कारभार तोवर दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची सूत्रे महाराजांच्या हाती आली. अक्षर उशिरा भेटलेल्या माणसाला त्याची किंमत अधिक कळते, हे त्यांच्या पुढील ५७ वर्षांच्या कारभारावरून दिसते.

सत्ता हाती आल्यावर लगेचच अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी सरकारी खर्चाने शाळा निघाल्या. सवर्ण शिक्षक तेथे जायला तयार होईनात. तेव्हा मुसलमान शिक्षक नेमले गेले आणि पुढे आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांच्याकडे हे काम सोपवले. म्हणजे पैसा मंजूर केला आणि काम संपले, असे महाराजांनी मानले नाही. पैसा शेवटच्या मुलापर्यंत कोणत्या वाटेने पोचेल, हेही त्यांनी पाहिले.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण. इथे त्यांची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. आधी घोषणा आणि मग तिजोरीत खडखडाट, असे त्यांनी होऊ दिले नाही. १८९३ साली काठेवाडातील अमरेली येथे मोजक्या गावांत प्रयोग सुरू झाला. मुलगे ७ ते १२ वर्षांचे आणि मुली ७ ते १० वर्षांच्या, अशी वयोमर्यादा ठरली. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होता. मुलांकडून फी मात्र घ्यायची नाही. खर्च किती येतो, शिक्षक किती लागतात, शेतीच्या हंगामात हजेरी किती घसरते, याचा अनुभव तेरा वर्षे घेतला आणि मगच १९०६ साली साऱ्या संस्थानाला कायदा लागू केला.

या कायद्याचे पडसाद बडोद्याबाहेरही उमटले. कोल्हापुरात शिकलेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. इंग्रज सरकारने खर्चाची आणि इतर अडचणींची सबब पुढे केली. १९१२ साली ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. एका संस्थानाला जे परवडले ते साम्राज्याला परवडले नाही. पैसा नसणे आणि पैसा द्यायची इच्छा नसणे यांतला फरक यावरून कळतो.

आता भाषेकडे वळू. महाराज मराठी, दरबारातील कितीतरी मंडळी मराठी, पण प्रजा बहुतांशी गुजराती. राजाची भाषा प्रजेवर लादणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी तसे केले नाही. खेड्यांतील शाळा गुजरातीतून चालल्या, आणि बडोद्यातील मराठी कुटुंबांच्या मुलांसाठी मराठी शाळाही राहिल्या. देशी भाषांतील ग्रंथनिर्मितीसाठी त्यांनी दोन लाख रुपयांचा निधी राखून ठेवला, त्यातून गुजराती आणि मराठी अशा दोन्ही भाषांत पुस्तके निघाली. १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतील कोश प्रसिद्ध झाला. कचेरीतील कागद सामान्य माणसाला समजला पाहिजे, हा त्यामागचा हेतू. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. गुजराती शाळांवर खर्च केला म्हणून त्यांचे मराठीपण उणे झाले, असे कोणा मराठी माणसाला वाटले नाही. ज्या राज्यात आपण राहतो तेथील बहुसंख्यांच्या भाषेचा मान आणि आपल्या भाषेची शाळा या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी नाहीत, हे आपल्या गावांनीही ध्यानात घ्यावे आणि राज्यकर्त्यांनीही.

ग्रंथालयांसाठी त्यांनी घातलेला नियम तर प्रत्येक ग्रामसभेने वाचावा असा आहे. अमेरिकेच्या प्रवासात तेथील वाचनालये पाहून महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या तज्ज्ञाला बडोद्यास आणले आणि आपल्या संग्रहातील सुमारे २० हजार पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयाला दिली. खेड्यांसाठी तिहाईचा हिशेब ठरला. गावाने वर्गणी जमवायची, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. ज्या गावात ग्रंथालय नाही तेथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत. सगळे सरकारने करावे असेही नाही आणि सगळे गावाच्या माथी मारावे असेही नाही.

संशोधनाला पैसा देताना फळ लगेच दिसत नाही, म्हणून सरकारे हात आखडता घेतात. महाराजांनी तसे केले नाही. पाटण हे त्यांच्या राज्यातील गाव. तेथील जैन भांडारांत जुन्या हस्तलिखितांचा मोठा साठा होता. त्यांची पाहणी करायला चिमणलाल दलाल यांना पाठवले. त्या कामातून ‘गायकवाड ओरिएंटल सीरीज’ ही ग्रंथमाला उभी राहिली. १९१६ साली राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ हा तिचा पहिला ग्रंथ निघाला. १९२७ साली प्राच्यविद्या मंदिर स्थापन झाले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज मुंबईत वारले. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाचे विद्यापीठ बडोद्यात उभे राहिले. वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात प्रसिद्ध केली. राजा गेला, राज्य गेले, पण दिलेला पैसा काम करीत राहिला.

शिष्यवृत्त्यांबाबत दोन नावे सांगितली पाहिजेत. पहिले महर्षी विठ्ठल रामजी शिंदे. हे आपल्याच बाजूच्या जमखंडीचे. त्यांच्या महाविद्यालयीन शिक्षणाला महाराजांनी हातभार लावला. दुसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना त्यांना बडोद्याकडून दरमहा २५ रुपये मिळत. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर झाली, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार झाला. कोलंबियात त्यांनी प्रबंध लिहिला तो सरकारी पैशावरच. हिंदुस्थान सरकार आणि प्रांत यांच्यातील पैशाची वाटणी कशी बदलत गेली, हा त्याचा विषय. १९२५ साली तो ग्रंथरूपाने आला तेव्हा सयाजीरावांना अर्पण केलेला होता.

पण इथेच चरित्रकाराने हात झटकू नयेत. करारानुसार १९१७ साली बाबासाहेब बडोद्यास आले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहातून त्यांना बाहेर काढले गेले. कचेरीत हाताखालची माणसेही शिवाशीव पाळत. विलायतेतील खर्च राज्याने दिला, पण घरातील दार उघडून देणे राज्याला जमले नाही. अनुदानाची ताकद किती आणि मर्यादा कोणती, हे दोन्ही या एकाच हकिकतीत दिसते.

आज आपल्या हाती राजाची कृपा नाही, त्याहून मोठी गोष्ट आहे. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे राज्यघटनेच्या ३५०-अ कलमात १९५६ पासून लिहिलेले आहे. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला. अमरेलीच्या मुलांना जे १८९३ साली मिळाले, ते देशातील सर्व मुलांच्या हक्कात यायला शतकाहून अधिक काळ गेला. आता ते मागायला संकोच कशाला?

मागायचे तर नीट मागावे लागते, हे मी अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका हुशार मुलीची शिष्यवृत्ती हुकली. अर्ज तिच्या आईवडिलांना वाचता न येणाऱ्या भाषेत होता. घरी तो तसाच पडून राहिला आणि मुदत टळली. कचेरीला दोष देऊन मी मोकळा झालो असतो, पण तो कागद एकदा वाचून दाखवणे माझ्याही हातात होते. तेव्हापासून दरवर्षी शाळा सुरू झाली की आमच्या समितीचे दोघे-तिघे शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसतात आणि पालकांचे अर्ज भरून देतात. कोणत्या मुलाचा कोणता अर्ज कधी गेला, याची एका वहीत नोंद ठेवतात. तुमच्या गावातही अशी एक वही सुरू करा.