डार्विनचं ३० कोटी वर्षांचं गणित

चार्ल्स डार्विन म्हटलं की बहुतेकांना माकड आठवतं. मला आठवतो त्याचा समुद्रकड्याचा हिशोब.

१८०९ साली श्रूसबरीत जन्म, एडिंबरोत मेडिकल अर्धवट सोडलं, १८३१ ते १८३६ बीगल जहाजावरून जगप्रवास. हे कुठेही वाचायला मिळेल. जहाजावर त्याच्याजवळ चार्ल्स लायेलचं भूशास्त्राचं पुस्तक होतं. आज दिसणाऱ्या संथ प्रक्रियांनीच डोंगर-दऱ्या घडल्या, ही त्यातली कल्पना त्याच्या डोक्यात पक्की बसली.

१८४२ पासून तो केंटमधल्या डाऊन गावी राहिला. पायाखाली चॉक, म्हणजे मऊ पांढरा चुनखडक. दक्षिणेला वील्ड, जिथला हाच थर झिजून गेलाय. उत्क्रांतीला प्रचंड वेळ लागतो. मग पृथ्वीकडे तेवढा वेळ होता का? १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये त्याने हिशोबच मांडला. समुद्र ५०० फूट उंचीचा कडा शंभर वर्षांत १ इंच खातो असं धरलं. वील्डची रुंदी २२ मैल, गेलेल्या थरांची जाडी सरासरी ११०० फूट. उत्तर आलं ३०,६६,६२,४०० वर्षं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा, जुळतं.

गुणाकार बरोबर, पण इनपुटमध्ये घोळ. १ इंच हा आकडा मोजलेला नव्हता, धरलेला होता. वील्ड समुद्रापेक्षा पाऊस आणि नद्यांनीच जास्त झिजलं. आणि तिथल्या चॉकचा सगळ्यात जुना थरच सुमारे १० कोटी वर्षांचा! टीका झाली, तेव्हा १८६१ च्या तिसऱ्या आवृत्तीतून त्याने हा भाग काढून टाकला. तरी मला तो आवडतो, कारण त्याने सगळे आकडे उघडे ठेवले होते. म्हणून तर चूक पकडता आली.

आता हा दर मोजता येतो. कड्यापुढच्या खडकातल्या गारगोटीत वैश्विक किरणांमुळे बेरिलियम-१० तयार होतं. वर कडा आहे तोवर किरण अडतात. कडा मागे सरकला की मीटर सुरू. ईस्ट ससेक्सच्या चॉक कड्यांवर २०१६ मध्ये आलेलं उत्तर: हजारो वर्षं वर्षाला २ ते ६ सेंमी, आणि गेल्या दीडशे वर्षांत २२ ते ३२ सेंमी. कडे तेच, काळाची पट्टी बदलली की दर बदलला. डार्विनचा दर होता वर्षाला पाव मिलिमीटर.

मोजायला तो कंटाळणारा नव्हता, हं. डिसेंबर १८४२ मध्ये त्याने घराजवळच्या शेतात चॉकचे तुकडे पसरले होते. २९ वर्षांनी, १८७१ मध्ये, तिथे चर खणला. गांडुळांनी वर आणलेल्या मातीखाली, ७ इंचांवर, पांढरी रेघ सापडली. हे मोजमाप १८८१ च्या त्याच्या शेवटच्या पुस्तकात आलं; पुढच्याच एप्रिलमध्ये तो गेला.